त्रेचाळिसावा फास

अबाह, ३ मार्च

अवेल,

कसा आहेस? वेळेवर जेवतोस ना? इकडे सगळं बरं आहे. अमा बरे आहेत, कसावा यंदा चांगला आलाय, काळ्या म्हशीला पारडू झालं. गावच्या सभाघरावर नवं छप्पर घातलं. तू असतास तर तुलाच वर चढवलं असतं, बाकीच्या पोरांचे पाय नुसते लटपटत होते.

तुला गावचं नावच नको झालंय, फोनवर माझा आवाज आला की तू फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्राचं तोंड असं मधेच बंद करता येत नाही. फाडता येतं, ते वेगळं. दक्षिणेला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तुमच्या बुटांच्या कारखान्याच्या फाटकावर देईन म्हणालाय.

बरं, आता खरं सांगते. आपला बाप बरा नाही. अमा खातात-पितात, पण डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. उजाडलं की कोयता कमरेला अडकवतात आणि निघतात. "कुठे निघालात?" म्हटलं की म्हणतात, "फास बघून येतो. तीन दिवस झाले गं, जनावर सडेल." चार वर्षं झाली रे, अवेल, तीन दिवस कसले! दुपारी परत येतात, पोटऱ्या काट्यांनी ओरबाडलेल्या, आणि ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडतात. वाट सापडत नाही म्हणतात. आपला बाप! डोळे बांधून सोडला तरी सीमेपलीकडून घरी यायचा. परवा तिसऱ्या ओढ्यापाशी सापडले, नुसते उभे. मला म्हणाले, "लिम, फासातली जनावरं ओरडतायत. तुला ऐकू येत नाही?"

मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांचं म्हणणं अगदीच खुळं नाही, हेही मला ठाऊक आहे.

थांब, चुलीवर भात आहे, बघून येते.

तर काम असं आहे. गेल्या वर्षापासून मी फास काढणाऱ्या गटात जाते. हस, खुशाल हस. शिकाऱ्याची पोर फास काढायला निघाली म्हणून अख्खं गाव हसून झालंय. आम्ही सहा जण आहोत: मी, न्हुंग, शेजारचे भ्लुईकाका आणि वरच्या वाडीचे तिघे. आठवड्यातून चार दिवस रान पिंजतो. न्हुंगच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना, तो आता ब्रेकची जुनी वायर फेकताना वीत-वीत तुकडे करून फेकतो, कुणी तिचे फास करू नयेत म्हणून. आधी म्हणाला, "एवढ्यानं काय होणार?" न्हुंग म्हणाली, "नको करूस. उद्यापासून तुझा डबाही तूच कर." तेव्हापासून करतो.

ओढ्याकाठचे फास जवळजवळ सगळे निघाले. राहिली ती करवतीच्या डोंगरधारेवरची रांग. तुझी आणि अमांची. त्या रानात कुठल्या झाडाआड काय आहे ते तुम्हा दोघांनाच माहीत. एकाचं हे असं झालं. राहिलास तू.

आजोबा वेताचे फास लावायचे, आठवतं? एका पावसाळ्यात कुजून गळून पडायचे. "आपण विसरलो तरी रान सोडवून टाकतं," म्हणायचे ते. अमांनी वायर आणली, पण समज मात्र आजोबांचीच ठेवली. आपण नाही गेलो तर नाही गेलो, पाऊस बघून घेईल. वायर कुजत नाही रे. वाकवलेलं झाड मरून जातं, फास तसाच उघडा राहतो.

गेल्या महिन्यात ओढ्यावर एक भेकर पाहिलं, मादी. पुढचा एक पाय गुडघ्याखाली नाहीच. उड्या मारत पाण्यापर्यंत आली, प्यायली, मागे पिल्लू. न्हुंगनं माझा हात एवढा घट्ट धरला की वळ उठले. आता उन्हाळा चढेल, वरचं पाणी आटेल आणि धारेवरची सगळी जनावरं खाली यायला लागतील, तुमच्या रांगेतून. म्हणून ही घाई. कुठे कुठे लावलेत ते लिही, किंवा चित्र काढ. तुझी चित्रं चांगली असायची.

तुझं नाव जंगलखात्याला कुणी सांगितलं, का सांगितलं, ते जुनं उकरून आता काय करायचंय. ते सोड.

आणि हो, मुकादम पार्टी देतो म्हणून ते रानातलं मटण खायला जाऊ नकोस. ते कुणा ना कुणा म्हाताऱ्याच्या फासातलंच असतं.

वाट बघते.

तुझी मोठी बहीण,
लिम


अबाह, २४ मार्च

अवेल,

एकवीस दिवस झाले. ड्रायव्हर म्हणतो, हातात दिलं. म्हणजे तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस.

काल अमा पुन्हा गेले. संध्याकाळ होत आली तरी पत्ता नाही. मी ओरडून ओरडून घसा फोडला. शेवटी भ्लुईकाका त्यांना पाठुंगळी घेऊन आले. साठीचा माणूस, स्वतःचा गुडघा धड नाही. तुरुंगातून सुटून आलास त्या दिवशी घरात पाऊलही न टाकता ज्यांच्या दारात "चहाडखोर!" म्हणून थुंकलास आणि तीच बस पकडून गेलास, तेच भ्लुईकाका. मी त्यांना पाणी दिलं. मान वर करून बघणं काही मला जमलं नाही.

का, ते विचारू नकोस. एवढंच सांगते, माझ्यावर रागव, पण त्या रांगेचं सांग. वरचं डबकं आटलंय. आज मी पत्र लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. हातापायांना थारा नाही.

लिम


अबाह, १९ एप्रिल

अवेल,

बुटाच्या खोक्याचं झाकण मिळालं. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली, नुसती डोंगराची धार रेखलेली आणि बेचाळीस फुल्या. पण चित्र तुझंच, अगदी वीज पडलेल्या सागाची फांदीसुद्धा काढलीयस. मी झाकण छातीशी धरून रडले. हे तुला सांगणार नव्हते, पण आज सगळंच सांगायचं ठरवलंय.

तीन दिवस लागले. तुझी फुली जिथे, तिथेच फास, हातभर इकडे नाही की तिकडे नाही. बऱ्याच ठिकाणी नुसती हाडं होती. एका ठिकाणी रानकोंबडीची पिसं, एका ठिकाणी रानडुकराची कवटी, गळ्यात वायर तशीच. अठ्ठाविसाव्या फासात एक उदमांजर होतं, जिवंत! न्हुंगनं अंगावर पोतं टाकलं, काकांनी वायर कापली, तर ते मेलं न्हुंगच्या बाहीचा लचका तोडून पळालं. "उपकाराची ही फेड!" म्हणून ती दिवसभर शिव्या घालत होती आणि हसतही होती. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले बघ.

तिसऱ्या दिवशी सगळा जुडगा अमांच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, बघा, आणले सगळे, आता उद्यापासून घरी बसायचं. गटातले सगळे ओट्यावर होते, काकाही. अमांनी एकेक वायर हातात घेतली, बोटांनी गाठ चाचपली आणि या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. असं बेचाळीस वेळा. मग म्हणाले, "एक कमी."

न्हुंग म्हणाली, "बाबा, चित्रात बेचाळीसच आहेत."

"एक कमी," अमा म्हणाले. "झऱ्याच्या वरचा. पोरानं एकट्यानं लावलेला. त्याचा पहिला." आणि उठून कोयता शोधायला लागले.

सगळे म्हणाले, म्हातारा भ्रमलाय.  पण अमा भ्रमले नव्हते.

तू ती फुली काढली नाहीस, कारण तुला वाटतं तो फास जंगलखात्याच्या माणसांनी तुझ्याबरोबरच नेला. त्याच फासापाशी तुला धरलं ना. नाही नेला, अवेल. त्यांनी तुझे हात बांधले, तुझं पोतं उचललं, तुझे फोटो काढले, तेवढ्यात पाऊस कोसळला आणि सगळे खाली धावले. फास तिथेच राहिला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिजत.

मला कसं माहीत? मी तिथे होते. फणसाएवढ्या गाठींचा तो खडक आहे ना, त्याच्या मागे. त्यांना वाट मीच दाखवली होती.

आता फाडायचं असलं तर फाड. पण पुढचं वाचून फाड.

जनावरांसाठी केलं असं म्हटलं की छान वाटतं. गटात सगळ्यांना तसं वाटेलही. तेही खरं आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात तू पोटुशी भेकर आणली होतीस. मी तुझ्या पाया पडले होते, "आता बस कर, शहरातल्या हॉटेलवाल्यांचं पोट भरायला आपलं रान रितं करू नकोस." तू हसलास. अमाही हसले. म्हणाले, "माझा पोरगा माझ्याहून मोठा शिकारी होणार. तुला काय कळतं चुलीपुढे बसून?" ते हसणं मला झोंबलं. जन्मभर मी लाकडं वाहिली, पाणी वाहिलं, आणि कौतुक सगळं तुझं. त्या रागात मी चौकीवर गेले. भेकरीसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला वाटलं होतं, दम देतील आणि सोडतील. आठ महिने ठेवतील असं वाटलं नव्हतं. आईशप्पथ नव्हतं वाटलं.

आणि मग तू काकांच्या दारात थुंकलास. मी दारातून बघत होते. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले. गावानं काकांशी बोलणं टाकलं, त्यांच्या सुनेला पाण्यावर टोमणे मारले, मी घागर भरून गुपचूप घरी आले. चार वर्षं!

तो फास तिथे आहे हे मला रोज ठाऊक होतं. बेचाळीस ठाऊक नव्हते, हा एक ठाऊक होता. काढायला गेले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, तुला गं कसं कळलं? म्हणून नाही गेले. दुसऱ्यांचे फास काढत हिंडले आणि आपला तेवढा राहू दिला.

त्या दिवशी ओट्यावर अमा कोयता शोधत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, मला माहीत आहे कुठे आहे तो."

भ्लुईकाकांनीच विचारलं. "तुला गं कसं?"

सांगितलं. सगळ्यांसमोर. न्हुंगचा हात तोंडावर गेला. काका आपला दुखरा गुडघा चोळायला लागले. मला वाटलं, आता हे माझ्या तोंडावर थुंकतील, आणि थुंकावंच. पण म्हणाले, "अवेलची थुंकी पावसानं धुतली. पण पोरी, चार वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलीस गं तू." आणि उठून घरी गेले. जेवलेच नाहीत म्हणे त्या दिवशी.

सकाळी मी एकटीच निघाले तर ते वाटेवर उभे, कोयता घेऊन. "चल, दाखव," एवढंच. 

खडक तसाच आहे. झरा सुकलाय. फास होता, पण उघडा नव्हता, आवळलेला होता. त्याच्यात एक पाय होता, अवेल. पुढचा. वाळून काटकीसारखा झालेला, खाली बोटभर खूर. बाकी जनावर नाही, हाडं नाहीत, काही नाही. पाय ठेवून निघून गेलं होतं.

ओढ्यावरची ती. मागे पिल्लू घेऊन फिरते ती.

काकांनी ओळखलं. खाली बसले आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या भावाचा गुन्हा अर्धाच." उरलेला अर्धा कुणाचा, ते म्हणाले नाहीत. मी वायर झाडापासून कापली. खूर तिथेच पुरला, काकांनीच खड्डा केला.

घरी येऊन ती वायर अमांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गाठ चाचपली. म्हणाले, "हां, ही पोराची. डावखुरी गाठ." मग सगळ्या त्रेचाळीस वायरी उशाशी घेऊन आडवे झाले. दुसऱ्या दिवशी उजाडलं, मी दारात आडवी उभी राहिले, पण ते उठले तेच भात मागत. कोयता भिंतीवरच आहे. आज पाच दिवस झाले.

आता मीच बसू शकत नाही. पहाटे उठून ओढ्यावर जाते. ती दोनदा दिसली, पिल्लू आता तिच्या खांद्याला लागतं. मला बघून ती पळाली. पळायलाच हवं तिनं.

तू मला लिहू नकोस. मी मागणार नाही. पण भ्लुईकाकांना चार ओळी लिही, आणि लवकर लिही, म्हातारा माणूस आहे. ते मला म्हणाले नाहीत, पण बस येते त्या वेळेला रोज आपल्या अंगणाच्या फाटकाशी उभे असतात.

शेवटी आशीर्वाद लिहितात. माझा हात होत नाही. नुसतं नाव लिहिते.

तुला धरून देणारी,
तुझी बहीण,
लिम