मंगळवारचं कार्ड

दि. ६ मार्च

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पायाचं प्लास्टर अजून दोन महिने राहणार हे वाचून वाईट वाटलं, आणि तसल्या पायाने तू खिडक्या पुसल्यास हे वाचून राग आला. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं आहे. खिडक्यांना कोणी काही सांगितलेलं नाही, त्या राहतील तशाच.

आम्ही इथे बऱ्यापैकी रुळलो. घर दोन खोल्यांचं, कारखान्याच्या भिंतीला लागून. ह्यांच्या लेथ मशीनचा आवाज मी बरोबर ओळखते अशी शेखी मिरवते, पण आत चोवीस लेथ एकदम चालतात. तुझं गाठोडं चार महिन्यांचं झालं. बाळाचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या वहीत आहे तिथेच आहे, घरात सगळे तू ठेवलेल्या नावानेच हाक मारतात. रडण्यात मात्र ते गाठोडं नाही, भोंगा आहे.

आता मुद्द्याचं. इथल्या चर्चची एक पद्धत आहे. नव्या संसारातल्या मुलीला, किंवा पहिलंच मूल असेल तिला, मंडळीतली एक वयस्कर बाई नेमून देतात. ती दर मंगळवारी सकाळी घरी येते, घर चालवायला आणि बाळ सांभाळायला शिकवते, आणि शेवटी दोघींनी मिळून प्रार्थना करायची. ऐकायला किती गोड, नाही का? मलाही वाटलं होतं की तुझ्यासारखी कोणी येईल, खाली बसेल, चहा मागेल.

माझ्या वाट्याला आल्या त्या अडतीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात चादरी-टॉवेलांचं भांडार सांभाळून निवृत्त झालेल्या बाई. मी त्यांना मनात कपाटबाई म्हणते. आल्या त्या एप्रन बांधूनच. पहिल्या मंगळवारी माझी सगळी फडताळं रिकामी करून, पुसून, पुन्हा लावून दिली. फार सुरेख लावली, फक्त मीठ कुठे गेलं ते मला तीन दिवस सापडलं नाही. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी भिंतीवर एक कार्ड ठोकलं. बाळाची आंघोळ, बाळाला ऊन, कपडे, केर, आईचं जेवण, प्रार्थना. पुढे आठवड्याचे सात चौकोन. काम झालं की खूण करायची, आणि मंगळवारी त्या चष्मा लावून तपासणार. मी बायको आहे की वॉर्ड, मला कळेनासं झालंय.

मावशी, तू इथल्या चर्चच्या पाळकबाईंना एक पत्र लिही. तुझं त्या ऐकतील. मला कोणी नको म्हणावं. मला सगळं जमतंय.

ह्यांचा नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू दे, कमी करू नकोस.

तुझी,
भाची

———

दि. १३ मार्च

चि. सौ. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पाळकबाईंना मी पत्र लिहिणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील.

मीठ हरवलं म्हणून कोणी माणूस घालवत नाही. मीही वीस वर्षं आमच्या चर्चमधल्या मुलींना शिवण शिकवलं आणि त्यांच्या घरी जाऊन लुडबुड केली. पहिल्या दिवशी एकीने माझ्या तोंडावर दार लावलं होतं, कारण मी तिच्या पडद्यांची शिलाई उसवून पुन्हा घातली होती, तीही तिला न विचारता. आज तिच्या मुलीच्या मुलीचे कपडे माझ्या मशीनवर शिवले जातात. आम्हा म्हाताऱ्यांना एक खोड असते. माणसाशी काय बोलावं ते सुचलं नाही की आम्ही त्याचं कपाट आवरायला घेतो. त्या बाईंनी एप्रन आधीच बांधला याचा अर्थ त्या तुझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, असं मला वाटतं.

तेव्हा कपाटबाईंना राहू दे. मीठ हवं तिथे ठेव आणि त्यांना स्पष्ट सांग की मीठ इथेच राहील. भांडण झालं तर होऊ दे, भांडून माणसं जवळ येतात, आपल्या घरात तर फक्त तशीच आली.

तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि पहिल्याच दिवशी मला सांगितलंस की तुला सगळं जमतं. वेणीसुद्धा घालता येत नव्हती. म्हणून विचारते, नीट जेवतेस ना?

गाठोड्याचा पापा घे. जावयांना आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
मावशी

———

दि. २ एप्रिल

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफ कर. इकडे सर्व ठीक आहे. बाळाची आंघोळ वेळेवर होते, ऊन देते, कपडे रोजच्या रोज धुतले जातात. घर स्वच्छ आहे. जेवणही वेळेवर होतं.

एक बातमी आहे. तीन आठवडे माझ्या कार्डावर एकही चौकोन रिकामा नव्हता, म्हणून कपाटबाईंनी पाळकबाईंना सांगितलं की ही मुलगी तयार झाली. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्याही वाजल्या. आता त्या मंगळवारी दुसऱ्या घरी जातात, तिथे जुळी आहेत. जाताना म्हणाल्या की कार्ड मात्र चालू ठेव, सवय मोडू नकोस. मला हवं होतं तसंच झालं.

हे कामावर जातात, उशिरा येतात, थकलेले असतात. त्यांना त्रास नको म्हणून मी फारसं बोलत नाही. बाळ बरं आहे. तू काळजी करू नकोस.

लोभ ठेव.

तुझी,
भाची

———

दि. ८ एप्रिल

चि. सौ. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्यात एकही तक्रार नाही. तू आजवर मला तक्रारीशिवाय अर्धं पानसुद्धा लिहिलेलं नाहीस. शाळेच्या सहलीहून पाठवलेल्या कार्डावरही बस कळकट असल्याचं लिहिलं होतंस. शिवाय पत्रात गाठोडं कुठेच नाही, नुसतं बाळ आहे. हे पत्र माझ्या भाचीचं नाही. भिंतीवरचं कार्ड उतरवून कोणी पाकिटात घातलंय.

आता मी तुला एक गोष्ट सांगते, जी आजवर सांगितली नाही. तू झालीस तेव्हा मी तुझ्या आईकडे महिनाभर राहिले. मी घर असं लख्ख केलं की शेजारणी बघायला आल्या. ताई खुर्चीत बसून असायची. मी विचारलं की बरी आहेस ना, ती म्हणाली की बरी आहे, आणि मी पुढचं भांडं घासायला घेतलं. निघताना ती दाराची चौकट धरून उभी होती. मला ते दिसलं, आणि वाटलं दमली असेल. पुढे सहा महिने तिने तुला जवळ घेतलं नाही. शेजारच्या बाईने तुला सांभाळलं. ताई त्यातून बाहेर आली, तुझ्यावर जीव टाकला, हे तुला माहीत आहे. पण ते सहा महिने तिने एकटीने काढले, आणि त्यात माझा वाटा होता. तिने मला नंतर सांगितलं की घर इतकं स्वच्छ होतं, त्यात आपण बरी नाही हे बोलायला तिला जागाच उरली नव्हती. मी तेव्हा रडले, आजही लिहिताना रडते आहे. पण माझ्या रडण्याचा कोणाला उपयोग नाही.

तेव्हा नीट ऐक. तुला जमत नसेल तर त्यात तुझा दोष नाही. हे दुखणं आहे, आणि दुखण्याला औषध असतं. येत्या मंगळवारी सकाळी उठायचं, गाठोड्याला घ्यायचं, भिंतीवरचं कार्ड काढून पिशवीत टाकायचं आणि थेट कपाटबाईंच्या घरी जायचं. केस विंचरले नाहीत तरी चालेल. जे खरं आहे ते त्यांना सांगायचं. त्या आवडतात की नाही हा प्रश्नच नाही. त्या हॉस्पिटलातल्या आहेत, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते त्यांना माहीत असेल, आणि त्या चालत पोचता येईल इतक्या जवळ राहतात. मी राहत नाही, हेच माझं दुखणं.

जावयांनाही सांग. लेथवर उभं राहून दमलेल्या माणसालाही कान असतात.

पुढच्या शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी कुबडी घेऊन आगगाडीत बसणार. प्लास्टर गेलं खड्ड्यात. तू मला ओळखतेस, मी नुसतं बोलत नाही.

पोरी, माझा तुझ्यावर फार जीव आहे.

तुझी,
मावशी

———

दि. १६ एप्रिल

ती. मावशीस,
स. न. वि. वि.

आगगाडीत बसू नकोस. मी गेले होते.

खरं तेच लिहिते. कार्डावरच्या खुणा खोट्या होत्या. पहिल्या आठवड्यात दोन-तीनच. मग वाटलं, रिकामा चौकोन दिसला की त्या हळहळतील, आणि कोणी हळहळलं की मला रडू येईल. म्हणून मी सगळे चौकोन भरायला लागले. गाठोड्याला आंघोळ मी घालायची, दूधही पाजायची, तेवढं चुकवलं नाही. पण मग न्हाणीघरात बादली उलटी करून तिच्यावर बसून राहायची, ते रडत असताना. आईच्या जेवणाचा चौकोन मी रोज भरला आणि बहुतेक दिवस पावाच्या कडा खाल्ल्या. आणि चर्चमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या तेव्हा मला वाटलं, आता दार बाहेरून बंद झालं.

तुझं पत्र सोमवारी आलं. मंगळवारी सकाळी गाठोड्याला शालीत गुंडाळलं आणि निघाले. चौकातून दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा फिरले नाही, कारण तू कुबडी घेऊन फलाटावर उभी आहेस असं डोळ्यांसमोर आलं.

कपाटबाई जुळ्यांकडे निघायच्या तयारीत, मागच्या अंगणात दोरीवरून एक भलीमोठी चादर काढत होत्या. माझ्याकडे पाहिलं. गाठोड्याला घेऊन कपड्यांच्या टोपलीत टॉवेलांवर निजवलं आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. मोठ्या चादरीची घडी एकटीने नीट होत नाही, हे मला तेव्हा कळलं. आपण दोन टोकांना उभं राहायचं, ताणायचं, मग चालत जवळ यायचं. जवळ आलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं. तिसऱ्या घडीला मी बोलायला लागले. त्या पुढची चादर काढत राहिल्या, मी बोलत राहिले. सात चादरी झाल्या. शेवटच्या दोन धुण्यातल्याही नव्हत्या, त्यांनी माझं बोलणं संपेना म्हणून कपाटातल्या काढून उलगडल्या होत्या.

मग मी पिशवीतून कार्ड काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला. मंगळवार होता, आणि माझ्या खुणा शनिवारपर्यंत भरलेल्या होत्या. त्यांनी पुढचे चौकोन बोटाने मोजले. म्हणाल्या की अडतीस वर्षं हॉस्पिटलात प्रत्येक कपाटाच्या कार्डावरची सही बघूनच त्या कपाट बरोबर आहे असं मानत आल्या, आत हात घालून कधी मोजलं नाही, आणि माझ्याही घरी तेच केलं. मग माझी माफी मागितली. मावशी, मी त्यांच्याबद्दल जे जे तुला लिहिलं ते फाडून टाक.

जुळ्यांकडे निरोप गेला. त्याच दिवशी त्या मला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. म्हणाल्या की असं पुष्कळ जणींना होतं आणि बरं होतं. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी गाठोड्याला उचलून घेतलं आणि मला झोपायला पाठवलं. आता सकाळची आंघोळ कारखान्यात जाण्यापूर्वी हेच घालतात. पाणी जास्त सांडतात, पण घालतात.

अजून बरं वाटत नाही, खोटं कशाला लिहू. पण काल गाठोडं हसलं आणि मला ते दिसलं.

एक गंमत. कपाटबाईंच्या स्वयंपाकघरात अगदी माझ्यासारखंच कार्ड आहे. जेवण, फिरणं, प्रार्थना, सगळे चौकोन भरलेले. या वयातही शिस्त म्हणजे शिस्त.

आणि इथली बस कळकट आहे, हे लिहायचं राहिलं होतं. तुझा धाक असाच असू दे.

तुझी,
भाची

———

दि. २८ एप्रिल

आपल्या भाचीच्या मावशींस,
स. न. वि. वि.

आपला परिचय नसताना लिहीत आहे, क्षमा असावी. आपल्या भाचीची प्रकृती सुधारत आहे हे कळवण्यासाठी हे पत्र. वजन थोडे वाढले आहे, म्हणजे तिचे. बाळाचे पहिल्यापासून उत्तम आहे. मी आता मंगळवारी तिच्याकडे जाते, एप्रन न बांधता. खाली बसते आणि चहा मागते. मीठ तिने ठेवले आहे तिथेच आहे. जुळ्यांकडे गुरुवार धरला आहे, तिथेही कार्ड ठोकलेले नाही.

भिंतीत उरलेला कार्डाचा खिळा आम्ही दोघींनी मिळून काढला. आता मी तिला तोंडाने विचारते आणि ती तोंडाने सांगते. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणते. परवा तिने सांगितले की केर काढला नाही आणि काढणारही नाही. मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट आपणास कळवणे योग्य वाटते. शुक्रवारी ती बाळाला घेऊन माझ्याकडे येते. चादरींची घडी घालायला असे आम्ही म्हणतो, प्रत्यक्षात माझ्या एकटीच्या घरी दर आठवड्याला घडी घालण्याइतक्या चादरी नसतात. मागच्या शुक्रवारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, माझ्या भिंतीवरचे कार्ड तिने वाचले आणि मला विचारले की आज काय जेवलात. मी जेवणाच्या चौकोनावर बोट ठेवले. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि रात्रीच्या जेवणाच्या चौकोनातही खूण होती.

तिने चुलीवरच्या पातेल्याचे झाकण काढले आणि आत बोट फिरवले. पातेले कोरडे होते. आमचे हे गेल्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून त्या पातेल्यात बहुतेक दिवस काही शिजलेले नाही, आणि तेव्हापासून एकही चौकोन रिकामा नाही. हे आजवर कोणी पाहिले नव्हते, कारण कार्ड बघून सगळे समाधानाने परत जात.

तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवले, माझा एप्रन खुंटीवरून काढून स्वतः बांधला आणि अंडी कुठे आहेत ते विचारले. मी तिला म्हटले की शिकवायला मला नेमले आहे, तिला नाही. त्यावर तिने मला जे सुनावले ते सगळे लिहीत नाही, पण असे बोलणे ती कोणाकडून शिकली हे विचारल्यावर तिने मावशीचे नाव घेतले.

आम्ही दोघी जेवलो. अंडी किंचित करपली होती. मी दोनदा वाढून घेतले.

प्लास्टर निघाले की आपण इकडे यावे. माझ्या घरी जागा आहे आणि धुतलेल्या चादरी आहेत. यावेळी पातेले रिकामे नसेल. आपण ते तपासून पाहावे.

आपली,
कपाटबाई
(हे नाव मला माहीत आहे. तिने स्वतःच सांगितले.)