तीन अंश उजवीकडे

इंदिरानगर, नाशिक
शनिवार, १७ जानेवारी २०२६

ती. नाना यांस,
दीपमालाचा शि. सा. नमस्कार.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुम्ही केलेला पांगुळगाडा शेजारच्या रवीभाऊंनी १० तारखेला पंचवटी एक्स्प्रेसने आणला. वाटेत कुठे खरचटला नाही.

२. रविवारी सकाळी गोदाने गाडा धरला आणि पॅसेजमध्ये सहा फरश्या चालली. सरळ रेषेत. एक फरशी ६० सें.मी.

३. दुपारी ती झोपल्यावर मी गाडा मोजला. पुढचं चाक सरळ नव्हतं. तीन अंश उजवीकडे वळलेलं होतं.

४. सोमवारी मी गाडा कंपनीत नेला. पुढच्या चाकाच्या दांड्याचं जुनं भोक बुजवलं आणि काटकोनात नवं पाडलं. चूक शून्य झाली.

५. त्याच संध्याकाळी गोदा गाडा घेऊन निघाली, तिसऱ्या फरशीवर डावीकडे वळली आणि चपलांच्या कपाटावर आदळली. खालचा ओठ फुटला. टाका लागला नाही.

६. मंगळवारी आणि बुधवारी तेच. दर वेळी डावीकडे.

७. गुरुवारपासून ती गाड्याला हात लावत नाही. गाडा दिसला की रांगत स्वयंपाकघरात जाते.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि असल्या गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात, म्हणून लिहिते आहे. मी रागावलेली नाही. गाडा सांध्यांपासून दांड्यापर्यंत पुन्हा मोजला, मागची दोन्ही चाकं एकसारखी आहेत, तरी तो डावीकडे जातो. माझ्या मते लाकूड पुरतं वाळलेलं नसावं आणि चौकट थोडी पिळली असावी. पहिल्या दिवशी ती सरळ गेली तो योगायोग धरते.

घाई का आहे तेही सांगते. गोदा बावीस महिन्यांची झाली. तिचं डावं पाऊल जन्मतः वळलेलं होतं आणि प्लास्टरने सरळ झालं, हे तुम्हाला माहीत आहे. २० फेब्रुवारीला तपासणी आहे. तोवर ती आधाराशिवाय चालली नाही, तर भूल देऊन मणक्याचा फोटो काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ते मला टाळायचं आहे. पायाबद्दल यापलीकडे मला काही लिहायचं नाही.

तुमच्या बाकीच्या वस्तू उत्तम आहेत. मान हलवणारा बगळा रोज आंघोळीला बरोबर लागतो. गेल्या वर्षीचा खुळखुळा तिने तीनदा जिन्यावरून टाकला, त्याला काही झालं नाही. कुंदनने पॅसेजच्या प्रत्येक फरशीवर जुन्या कॅलेंडरमधलं एकेक जनावर चिकटवलं आहे. गोदाला आठव्या फरशीवरच्या म्हशीपर्यंत जायचं असतं. अजून पोचलेली नाही.

लाकूड कोणतं वापरलं आणि किती वाळवलं होतं, एवढं कळवावं.

आईला नमस्कार. तुमची माया आहे, ती असू द्यावी.

दीपमाला


मनमाड
बुधवार, २१ जानेवारी २०२६

चि. सौ. दीपमाला हिस,
नानाचे पोटभर आशीर्वाद. कुंदनरावांना आणि आमच्या गोदाबाईंनाही.

पत्र पोचलं. एकतीस वर्षं वर्कशॉपात सुतारकाम केलं, साहेब लोकांची टेबलं केली, पण माझ्या मालाची सात कलमी तक्रार आजवर कोणी लिहून पाठवली नव्हती. तुझ्या आईला वाचून दाखवली. ती म्हणाली की पोरगी तुमच्यावर गेली, मला काय विचारता.

लाकूड बाभळीचं आहे. दोन उन्हाळे वाळलेलं. चौकटीला काही पीळबीळ नाही. पुढचं चाक उजवीकडे वळलेलं होतं, ते मीच तसं बसवलं होतं. अंश मी मोजले नाहीत. तू तीन म्हणतेस तर तीन असतील.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा गोदा पलंगाला धरून चालायची. मी दोन दिवस तिच्या मागे जमिनीवर बसून होतो. तुम्हाला वाटलं, म्हातारा नात खेळवतोय. मी तिची पावलं बघत होतो. डावं पाऊल तोकडं पडतं आणि उजवा पाय जास्त रेटतो, त्यामुळे अंग डावीकडे फिरतं. असल्या पोरीच्या हातात सरळ गाडा दिला तर तो डावीकडे जाणारच. म्हणून चाक उजवीकडे कलतं ठेवलं. गाड्याची ओढ उजवीकडे आणि पोरीची डावीकडे, दोन्ही मिळून पोर सरळ जाते. पहिल्या दिवशी गेली की नाही सहा फरश्या? दीपा, तू गाडा मोजलास, पोर मोजली नाहीस.

आई विचारते की हे आधीच लिहून का नाही पाठवलं. बरोबर विचारते. भाऊबीजेला भागीआत्या गोदाच्या पायाबद्दल बोलून गेली आणि तू ताट तसंच ठेवून त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालीस. त्या दिवसापासून या घरात त्या पायाचं नाव कोणी काढत नाही. मीही काढलं नाही. बोलायची सोय नव्हती म्हणून लाकडात करून ठेवलं. तुला कळू न देता करायचं म्हणजे तू ते दुरुस्त करणारच, एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुला ओळखतो मी.

आता त्या भोकाशेजारी तिसरं भोक पाडू नकोस, फळी चिरेल. पुढचा तुकडा मी नवा करतो. पण माझा अंदाज दिवाळीचा आहे आणि पोर तीन महिन्यांनी मोठी झाली. तिची आत्ताची पावलं मला दिसायला हवीत. ते काम तू कर. मोजण्यात तुझा हात धरणारा आमच्या वर्कशॉपातही कोणी नव्हता, हे मी तिथे सगळ्यांना सांगून झालेलं आहे.

राग धरू नकोस. पत्र लिहीत जा, तक्रारीचं का असेना.

तुझा
नाना

मी आई लिहिते. पोरीच्या ओठाला तूप लाव. तिला गाड्याचं भ्या बसलं, ते असं जायचं नाय. माझ्या जुन्या लुगड्याची बाहुली केली हाय, ती रवीभाऊकडं दिली. ती गाड्याला बांध आन गाडा तिच्या नजरंसमोर ठेव. धर म्हणू नको. तिची ती धरंल. नाना दोन दिस नीट जेवले नाय. तुला लिहू नको म्हणले, म्हणून लिहिलं.


नाशिक
सोमवार, २६ जानेवारी २०२६

ती. नाना आणि आई यांस,
दीपमालाचा नमस्कार.

चूक माझी आहे. सरळ रेषेत गेली हे मीच लिहिलं होतं आणि मीच त्याला योगायोग म्हटलं. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं, तर मी त्याला पुन्हा मोजायला बसवलं असतं आणि दिवसभर बोलले नसते. नानांनी जेवावं.

भाऊबीजेबद्दल एकदाच लिहिते. आत्या म्हणाली ते खरं होतं, म्हणून मी निघाले. खोटं असतं तर बसून भांडले असते. गोदाचा डावा पाय उजव्यापेक्षा कमजोर आहे. आता मी लिहिलं आहे, तेव्हा तुम्हीही लिहायला हरकत नाही.

पावलांचं काम आज सुट्टी होती म्हणून केलं. कुंदनने खाकी पॅकिंगच्या कागदाची गुंडाळी पॅसेजभर पसरली आणि परातीत गेरू कालवला. गोदाने तो आधी चाखून पाहिला. मग आम्ही तिचे तळवे त्यात बुडवले, आईची बाहुली तेवढ्यापुरती गाड्यावरून सोडून कागदाच्या टोकाला बसवली आणि ती माझी दोन बोटं धरून बाहुलीपर्यंत चालली. पाच वेळा चालवलं. सहाव्यांदा तिने स्वतःच परातीत पाय घातले. डावं पाऊल सरासरी १६ सें.मी. पुढे पडतं, उजवं २०. डाव्या टाचेचा ठसा प्रत्येक वेळी फिका आहे, म्हणजे ती टाच पूर्ण टेकत नाही. सगळ्यात चांगला कागद सोबत पाठवते आहे. कुंदनच्या पँटवरही तीन पावलं आहेत, ती मोजलेली नाहीत.

मला हे काम इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. कागदाचा दुसरा तुकडा मी ऑफिसात माझ्या टेबलामागे लावणार आहे. कोणी विचारलं तर सांगेन.

नव्या तुकड्याबद्दल एक सुचवते. एका बाजूला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवावी. दांड्याचं ते टोक खाचेत पुढेमागे सरकवता येईल आणि नटाने आवळता येईल. म्हणजे पाय जोर धरेल तसा चाकाचा कल आपल्याला कमी करता येईल, दर वेळी नवा तुकडा लागणार नाही. मापांसह चित्र जोडलं आहे. सुरुवातीचा कल किती, ते पावलं बघून तुम्हीच ठरवावं.

बाहुली शनिवारी गाड्याला बांधली. काल गोदाने बाहुलीला भात भरवला. गाडा अजून धरला नाही, पण त्याच्यापासून पळाली नाही.

तपासणीला पंचवीस दिवस आहेत.

दोघांनी तब्येत सांभाळावी आणि आम्हाला धरून राहावं.

दीपमाला


मनमाड
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

चि. सौ. दीपमाला हिस,
नाना-आईचे आशीर्वाद, मोजून नाही.

तुकडा रवीभाऊंबरोबर धाडतो आहे. खाच तुझ्या चित्राप्रमाणे पाडली. केसभर इकडेतिकडे असली तर कानशीने घे, पत्र लिहू नकोस. ही खाच मला एकतीस वर्षांत सुचली नव्हती. एवढं वाक्य आईला वाचून दाखवणार नाही.

कल आधीपेक्षा थोडा कमी पुरेल, अडीच धर. खुणेची रेघ मारली आहे. डावी टाच फिकी पडते हे मी दिवाळीत पाहिलं नव्हतं. ते तू पाहिलंस. म्हणून मूठ बोटभर वर घ्यावी असं वाटतं. पोर गाड्यावर ओणवी झाली की चवड्यावर जाते. पण आधी डॉक्टरांना विचार. मी लाकडाचा माणूस.

कागद बाहेरच्या खोलीत भिंतीला लावला आहे. कोंडाजी आला होता, माझ्या बरोबरीचा, वर्कशॉपातला. त्याला वाटलं, यंदा लक्ष्मीची पावलं भिंतीवर काढली. नातीची म्हटल्यावर चष्मा लावून जवळ गेला आणि चहा निवेपर्यंत तिथेच उभा. माझी पोरगी नाशकात मोजमापाच्या खात्यात आहे, हे त्याला परत सांगितलं. तो म्हणाला की हे चौथ्यांदा. मी म्हटलं, पाचव्यांदा येशील तेव्हाही सांगीन.

कल कमी करायची घाई करू नकोस. पोर सरळ जायला लागली की आणखी चार दिवस थांब.

आमची आठवण काढत जा.

नाना


नाशिक
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

ती. नाना आणि आई यांस,
दीपमाला, कुंदन आणि गोदाचा नमस्कार.

मणक्याचा फोटो काढावा लागणार नाही. हे आधी लिहिते, नाहीतर आई पत्र शेवटाकडून वाचायला लावेल.

१ फेब्रुवारीला नवा तुकडा बसवला. खाचेला कानस लागली नाही. मूठ डॉक्टरांना विचारूनच वर घेतली, त्यांना ते पटलं. ३ तारखेला गोदाने आपणहून गाडा धरला. मी भाजी चिरत होते आणि आईच्या सांगण्याप्रमाणे वर बघितलं नाही. ७ तारखेला ती म्हशीपर्यंत पोचली आणि म्हशीवर बसली. दर रविवारी गेरू आणि कागद केला. आता रविवार उजाडला की ती स्वतः परात ओढून आणते. १५ तारखेच्या कागदावर डावं पाऊल १८ भरलं आणि टाच दिसली. नानांनी सांगितलेले चार दिवस थांबून १९ तारखेला मी कल दीड अंशावर आणला.

त्याच संध्याकाळी गाड्याचं पुढचं चाक पायपुसण्यात अडकलं. गोदाने दोनदा रेटलं. मग तिने बाहुली ओढून काढली, काखेत घेतली, गाडा तिथेच सोडला आणि माझ्याकडे चालत आली. डावं पाऊल अजून थोडं तोकडं पडतं. पाच पावलं होती, असं कुंदन म्हणतो. माझी मोजायची राहिली.

काल तपासणीच्या खोलीत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली आणि डॉक्टरांच्या टेबलावरचा शिक्का घेऊन परत आली. ते म्हणाले की व्यायाम चालू ठेवा, सहा महिन्यांनी दाखवा. गाडा आम्ही बरोबर नेला होता. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या सुवर्णाताईंनी तो उचलून पाहिला आणि चाक वाकडं का आहे, असं विचारलं. बाहेर बाकांवर बरीच माणसं होती. मी त्यांना सांगितलं की माझ्या मुलीचा डावा पाय कमजोर आहे, ते माझ्या वडिलांनी नुसतं बघून ओळखलं आणि त्या मापाचा गाडा केला, मी तो शहाणपणाने बिघडवला आणि आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा केला. त्यांनी खाच सरकवून बघितली आणि हे कोणाच्या डोक्यातून आलं असं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

त्यांच्याकडे आणखी दोन मुलं आहेत. एक घोटीचा बंटी, अडीच वर्षांचा, त्याचा उजवा पाय कमजोर आहे. दुसरी पेठकडची मुलगी, तिला तिची आजी अक्काबाई पाठुंगळी घेऊन दोन एसट्या बदलून आणते. दोघंही धरून चालतात, सोडून चालत नाहीत. सुवर्णाताईंनी विचारलं की तुमचे वडील आणखी दोन गाडे करतील का. मी म्हटलं की मुलांना चालताना बघितल्याशिवाय ते फळीला करवत लावणार नाहीत. त्यांनी दोघांनाही शनिवार, २८ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता बोलावलं आहे. गेरू आणि कागद मी नेईन. तुम्ही बघायचं, मी मोजायचं. शुक्रवारी रात्री इथे राहायला यावं, आईलाही आणावं. भागीआत्याला यायचं असेल तर तिलाही आणावं, मी तिच्याशी बोलेन.

आम्ही तिघंही आनंदात आहोत. तुमचा आधार असाच मिळत राहावा.

सुवर्णाताईंना त्या दोन घरांना निरोप द्यायचा आहे. तुम्ही येणार की नाही, ते बुधवार, २५ फेब्रुवारीपर्यंत कळवावं.

दीपमाला