नवमीची सवाष्ण

१२ सप्टेंबर, शुक्रवार. ग्वांगझो.
सकाळी पोहोचलो. हॉटेलात दोन खोल्या. अभिजितने स्वतःची बॅग माझ्या खोलीत आणून ठेवली. परक्या देशात बाबांना एकटे झोपू देणार नाही म्हणाला. सूनबाई सारिका पलीकडे एकटी. मुलगा जाणता झाला, असे वाटले. कुमुदला सांगायला हवे होते. सांगायचे कोणाला?

१३ सप्टें., शनि.
दोघे यंत्र पाहायला गेले. आमच्या साताऱ्याच्या कारखान्यात यंत्रातले सारिकाला अभिपेक्षा अधिक कळते. मी खोलीत. टॉवेल मागितला, तर कमरेएवढे एक चालते यंत्र तो घेऊन दाराशी आले. कुमुदने त्यालाही चहा विचारला असता. हसू आले. नंतर दिवसभर पडून राहिलो.
सोमवारी अविधवा नवमी. कुमुदचे वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झाले, ही पहिलीच नवमी. ती माझ्याआधी गेली, तेव्हा तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालणे आले. खण साताऱ्याहूनच आणला आहे. सवाष्ण कोठून आणावी?

१४ सप्टें., रवि.
सून ही वाढणारी. जेवणारी घराबाहेरची हवी. म्हणून स्वागतकक्षातील मुलीला फोनवरील भाषांतरातून विचारले: आपला विवाह झाला आहे काय, यजमान हयात आहेत काय. फोनने चिनीत काय सांगितले कोण जाणे. तिने व्यवस्थापकास बोलावले. अभिजित धावत आला, माफी मागितली. लिफ्टमध्ये म्हणाला, "बाबा, आत टाकलं असतं तुम्हाला. म्हाताऱ्यानं दुसरेपणासाठी मुलगी बघितली म्हणून." सारिका हसली. फार दिवसांनी दोघांना एकत्र हसताना पाहिले.
ठरले. उद्या सारिकालाच बसवावे. वाढीन मी.

१५ सप्टें., सोम. नवमी.
न्याहारीच्या दालनातून भात व केळी आणली. सोबत घरून आणलेली पुरणपोळी. टीपॉयवर ताट मांडून सारिकाला हाक मारली. ती दारातच थांबली.
"बाबा, मला नका बसवू."
बायकांची अडचण असेल, असे समजून मी नजर वळवली.
"तसलं काय न्हाई."
मग सांगितले. ती आणि अभिजित वेगळे होत आहेत. कुमुदच्या आजारपणाआधीच ठरले होते. आजारपणात बोलू नये, नंतर वर्ष होईपर्यंत घरातले काही मोडू नये, म्हणून थांबले. येथून परतल्यावर मला सांगणार होते.
"आईंच्या ताटावर खोटं बसायचं न्हाई मला. त्यांना ठावं होतं सगळं."
कुमुदला ठाऊक होते. मला नव्हते.
अभिजित खिडकीशी पाठ करून उभा. त्याची बॅग माझ्या पलंगाजवळ का, ते आता समजले.
ताट झाकून बाहेर पडलो. परतलो तो खोली आवरणाऱ्यांनी ते उचलून नेले होते. टीपॉय पुसून लख्ख.

१६ सप्टें., मंगळ.
यंत्राचा व्यवहार पक्का. दोघांच्याही सह्या. यंत्र एकत्र घ्यायचे आणि संसार मोडायचा, ह्याचे मला आकलन होत नाही.
अभि म्हणतो, मी शब्द टाकला तर ती ऐकेल. तिला ते कळले असावे. जेवणाच्या टेबलाशी म्हणाली, "तुमच्या शब्दाला न्हाई म्हणायची पाळी आणू नका माझ्यावर." शब्द टाकला नाही. भूकही नव्हती.

१७ सप्टें., बुध. विमानतळ.
अभिजित सामान देण्याच्या रांगेत. राहवले नाही. सारिकाला विचारले, कुमुद काय म्हणाली होती? तिने अडवले नाही तुला?
"न्हाई. एवढंच म्हणाल्या, ह्यांना एकटं राहता यायला लागलं की जा. तवर थांब."
मग हळूच, "यायला लागलं का, बाबा?"
नाही म्हणावे, तर ती जन्मभर थांबेल. हो म्हणावे, तर घरात अभिजित, मी आणि कुमुदचा फोटो. शिवाय ते खरेही नाही. घरात चहाची पातेली कोठे ठेवतात हे मला आजतागायत ठाऊक नाही.
रांग पुढे सरकली. तिने माझी बॅग उचलली.

१९ सप्टें., शुक्र. सातारा.
सारिकाची बॅग अजून बांधलेलीच आहे. ती माहेरी, सांगलीला, केव्हा जाणार, हे कोणी बोलत नाही.
आज सकाळी पातेली शोधून चहा मी केला. दूध उतू गेले. ती ओटा पुसू लागताच मी फडके मागून घेतले. तिने कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी ओटा पुसत राहिलो.