बटण लागलं तेव्हा

ताई,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. माझा उजवा हात यंत्रात गेल्यावर दोन वर्षं तू माझं सगळं केलंस. आणि मी काय म्हणाले? "तू सगळं हातात देतेस, तुझ्यामुळेच मी लुळी झाले, नीघ!"

आता दर मंगळवारी मी दवाखान्यात जाते. हात गेलेल्यांना एका हाताने बटण लावायला शिकवते, फुकट. पहिल्या दिवशी थोटा हात पिशवीमागे लपवला होता, आता तोच नाचवून दटावते. नियम एकच, घरच्यांनी मदत करायची नाही. काल एका पोरीची थोरली बहीण सारखी पुढे यायची. मी खेकसले, "बाई, तुझे हात बांधून ठेवू का?" ती बाहेर जाऊन रडली. तेवढ्यात पोरीचं बटण लागलं नि ती ओरडली, "ताई, बघ!" बहीण धावत आली.

मला तिथे उभं राहवेना.

हे पत्र टाकायची नाही. 'परत ये' म्हणायला तोंड कुठाय? पण एक सांगते. तू गेल्यावर महिन्याने माझं पहिलं बटण लागलं, तेव्हा मीही रिकाम्या घरात तश्शीच ओरडले होते.

तुझी,
तोंडाळ धाकटी