हरणी माझ्या हाताला पान्हा सोडत नाही

३ सप्टें.
हरणीचं वासरू जाऊन पाच दिवस. पान्हा चोरते. पेंड दिली, गूळ दिला, पाठ चोळली. जेमतेम अर्धा लिटर. गारखेड्याच्या रतिबाला काय पाणी घालू? आई म्हणते, "किशाला इचार." पंधरा वर्षं धारा मी काढतो, आणि विचारायचं धाकट्याला! तोही ऑस्ट्रेलियात, हजारो गुरांच्या फार्मवर.

४ सप्टें.
आईच्या हट्टापायी सकाळी सहाला फोन. तिकडं साडेदहा. व्हिडिओत साहेब टोपी घालून, मागं घोडा, नजर जाईल तिथवर लाल माती. गुरं म्हणे हेलिकॉप्टरनं वळवतात. नावं नसतात, कानात नंबर. आई डोळे मोठे करून बघत होती. मी शेणाची पाटी घेऊन आडवा गेलो तर "सरक की रे!"

किशा म्हणाला, "दादा, फोन हरणीच्या कानाशी धर." धरला. "हरणे, ये गं माझी माय, सोड गं." वासरू होती तेव्हा बाटलीनं पाजली होती त्यानं. बाईनं कान हलवले आणि सोडला की पान्हा. चार लिटर! आई रडली. बादली माझ्या गुडघ्यात होती, माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

९ सप्टें.
रोज सहाला तेच. धार माझी, कौतुक त्याचं. पिकतं तिथं विकत नाही, खोटं नाही. आई नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन गोठ्यात येऊन बसते. "जेवलास का? वाळलास." मी समोर बसलोय, मी नाही तिला वाळलेला दिसत.
पोटात दुखतं. लिहिलं तरी थांबत नाही.

११ सप्टें.
आज त्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं.

१२ सप्टें.
आई देवळात. मोबाइल लावला, हरणीनं पान्हा सोडला. हसू आलं, मग तिचाही राग आला. किशाला मेसेज: "आता माझ्या हाताला देते. रोज फोन नको." आईला सांगितलं, त्याला सकाळचं काम लागलंय. "बरं," म्हणाली.

१८ सप्टें.
आई रोज विचारते, "सरलं का त्याचं काम?" मी, "नाय अजून." हिला (बायकोला) संशय आलाय. काल भाकरी आदळली ताटात.

२० सप्टें.
दुपारी किशाचा फोन. मी शेतात एकटाच.
"खरंच देते का रे तुझ्या हाताला?"
"व्हय. लई. विसरली तुला."
तो म्हणाला, "बरं झालं. रेंज फक्त मालकाच्या बंगल्यापाशी हाय. रोज चहाच्या सुट्टीत वीस किलोमीटर गाडी हाणत यायचो, तुम्हाला बघायला."
मी बांधावर बसलो.
"दिवाळीला कायमचा यायचं म्हणत होतो, दादा. पण माझ्यावाचून काय अडतंय तिथं? मालक अजून तीन वर्षांचा कागद देतोय. परवा संध्याकाळी सही. आईला तूच सांग."

वाईट वाटायला हवं होतं. आधी हायसं वाटलं. गोठा माझा राहील, आई माझी राहील. खरं आहे म्हणून लिहितो.

२१ सप्टें.
आईला सांगितलं नाही. ती करमाडच्या बाजारातून दिवाळीला त्याच्यासाठी सदऱ्याचं कापड घेऊन आली.

२२ सप्टें.
सकाळी सहा. आई चुलीपाशी होती. बेतानं रेकॉर्डिंग लावलं. गोठ्याच्या भिंतीला कान असतात हे ध्यानात नव्हतं. पिठाच्या हातानं पळत आली, माझ्या हातातून मोबाइल घेतला.
"किशा! बाळा, जेवलास का?"
"हरणे, ये गं माझी माय, सोड गं."
"आरं मी बोलतेय. आई. जेवलास का?"
"हरणे, ये गं..."
तिनं काळा स्क्रीन कानाला घट्ट लावला. "ऐकू येत नाय का रं तुला?"
मी काढून घेतला, बंद केला. म्हटलं, कट झाला.
"मग परत लाव."
"नंतर लावतो."

आता दहा वाजलेत. तिकडं अडीच. सही संध्याकाळी. आई अजून गोठ्यातच आहे, हातावरचं पीठ वाळलं तरी आत आली नाही. नंबर काढून बसलोय. दाबलेला नाही.