फोनला लावलेलं कुंकू

आई, तुझ्या वेळी फोन वाण्याच्या दुकानात असायचा, काळा, जड, तबकडीला कुलूप घातलेला, आणि गावाकडे कुणी गेल्याची बातमी आणण्यापलीकडे त्याचा आपल्याशी काही संबंध नव्हता. त्यामुळे गेला आठवडाभर मी कशावरून एवढी भडकलेली आहे हे तुला समजावणं म्हणजे पंचाईतच आहे. आता फोन ज्याच्या त्याच्या हातात असतो. तळहाताएवढा, पुढून सगळा काचेचा. त्या काचेवर बोट फिरवलं की कुणाला काय हवं, कधी हवं, किती तिखट हवं ते सगळं दिसतं. मी अजून भोईवाड्यात, आपल्याच खोलीत आहे. तुझ्यासारखी खानावळ नाही चालवत. गिरण्याच राहिल्या नाहीत तर जेवायला येणार कोण? पण दादर-परळच्या घरांमधून ऑर्डरी घेते. वडे-सागोती, घावणे, दिवाळीत फराळ. ही सगळी माणसं मला त्या काचेतूनच भेटतात. निम्म्यांचे चेहरेही मी पाहिलेले नाहीत. म्हणजे तुझा जसा तो मोठा टोप होता, तसा माझा हा फोन. त्याच्यावर माझं घर चालतं.

आणि म्हणूनच तर हा सगळा घोटाळा झाला. खंडेनवमीला तू काय करायचीस ते मी कधी मोडलेलं नाही. विळी, पाटा-वरवंटा, लाटणं, तो टोप, सगळं घासूनपुसून देवासमोर पाटावर मांडायचीस, फुलाने पाणी शिंपडायचीस, आणि प्रत्येकाच्या तोंडाला ओलं कुंकू लावायचीस. विळीला पात्यावर, टोपाला काठावर, स्टोव्हला बर्नरखाली. ज्याचं जिथे तोंड असेल तिथे. दसऱ्याची पूजा होईपर्यंत मग कशालाच हात लावायचा नाही. खानावळीतले गिरणीवाले त्या दिवशी बाहेरून पाव-उसळ आणून खायचे आणि कुरकुरायचे नाहीत. एकदा मी पेरू कापायला ती विळी ओढली तर तू हातावर अशी चापट मारलीस की पेरू लांब मोरीत जाऊन पडला. "जेच्यावर आपला घर चालता, तेका आज हात लावचो नाय," एवढंच म्हणालीस आणि पुन्हा फुलं निवडत बसलीस. मी रडत होते, तुला त्याचं काही नव्हतं. आता माझ्याकडे विळी आहे, वजनकाटा आहे आणि फोन आहे. मी फोनलाही पाटावर बसवते. त्याचा आवाज तेवढा बंद करते, पूजेत कुणाची चकलीची चौकशी नको म्हणून. यंदाही पाणी शिंपडलं. आणि यंदा मनात आलं, याचं तोंड कुठलं? तर वरच्या बाजूला बारीक जाळी असते, जिथून माणसं बोलतात, तेच त्याचं तोंड. तिथे ओलं कुंकू लावलं. अगदी तुझ्यासारखं, मधलं बोट दाबून, ठसठशीत.

दसऱ्याला पूजा आटोपून आपट्याची पानं वाटून आले आणि फोन उचलला तर काच काळीठिक्कर. बाजूचं बटण दाबलं, काही नाही. धरून ठेवलं, काही नाही. चार्जरला लावला, प्लग बदलला, शेजारणीचा चार्जर आणून लावला, तरी अंधारच. दसऱ्यानंतर लगेच फराळाच्या ऑर्डरी सुरू होतात गं. जो आधी उत्तर देईल त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं, हा सरळ हिशेब आहे. शेजारीण म्हणाली तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवा, ओल शोषून घेतो तांदूळ. मी म्हटलं, माझ्या घरात तांदूळ शिजवायला आणतात. तिच्याच फोनवरून मुलाला फोन लावला, ठाण्याला. त्याने हे बटण आणि ते बटण एकदम धरायला सांगितलं, मी धरलं, काळं ते काळंच. मग तो म्हणतो, "जाऊ दे ना आई, बरं झालं. आता तरी बस जरा." बरं झालं! माझ्या कामाचं साधन बंद पडलं हे त्याला बरं वाटलं. मायेने म्हणाला, मला कळत नाही असं नाही. पण माझ्या हातापायांत जोर आहे, जिभेला चव आहे, आणि मी कधी बसायचं ते माझ्या पोराने ठाण्यातून ठरवायचं, हे कुठलं प्रेम? मी फोन ठेवला आणि पिशवी घेऊन खाली उतरले.

दादरला पुलाखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, काउंटर आणि त्यामागे एक माणूस. त्याने फोन घेतला, बटण दाबलं, आपला चार्जर टोचला, माझ्याकडे न बघताच म्हणाला, "डेड आहे, आंटी. बोर्ड गेला. नवीन दाखवू?" आणि खरोखरच नवीन फोनचं खोकं काढून काउंटरवर ठेवलं. मी जुना परत हातात घेतला, आणि तेवढ्यात तो माझ्या तळव्यात थरथरला. अगदी बारीक, मांजर घुरघुरतं तसा. मी म्हटलं, अहो, हा थरथरला. कुणाचा तरी फोन येतोय यावर. तो हसला. "भास होतो, आंटी. सवय असते ना हाताला."

भास होतो. आई, हे दोन शब्द ऐकले आणि माझं डोकं असं फिरलं की त्या खोक्यावर हात मारावा असं वाटलं. कारण हेच दोन शब्द मी तुझ्या उशाशी ऐकले आहेत. तुला आठवत असेल. नसेलही. त्याच्याबद्दलच तर लिहायचं आहे मला. तुझी उजवी बाजू गेली, वाचा गेली, चेहऱ्यावर काही उमटेनासं झालं. खिडकीखालच्या गादीवर तू पडलेली असतेस आणि येणारी-जाणारी माणसं दारातच आवाज चढवून मला विचारतात, काही ओळखते का? तुला विचारत नाहीत. लालबागहून थोरले काका येतात, खुर्ची ओढून तुझ्या अगदी जवळ बसतात आणि तुझ्या अंगावरून माझ्याशी बोलायला लागतात. खोली आता कुणाच्या नावावर करायची, भांडी कुणी न्यायची, तो मोठा टोप गावी पाठवायचा का. मी म्हणते, काका, हळू बोला, तिला ऐकू येतं. आणि ते तुझ्याकडे बघून, चहाचा घोट घेत म्हणतात, "हिच्यात आता काय रवला हा?"

मला माहीत होतं काय राहिलं होतं ते. मिठाची खूण. खानावळीत स्टोव्ह भरभरत असायचा, पंगत बसलेली असायची, तुला ओरडून बोलायला वेळ नसायचा, म्हणून तू मला नुसती डाव्या हाताची बोटं दाखवायचीस. अंगठा दोन बोटांवर चोळायचा, चिमूट सोडल्यासारखा. म्हणजे मीठ आण. उजव्या हातात पळी, डाव्या हाताने खूण. त्या काळ्या दिवसांत मी तुला चमच्याने पेज भरवत होते, आणि तू पहिला घोट तोंडात धरून ठेवलास, गिळलाच नाहीस. मी खाली बघितलं तर चादरीवर तुझा डावा हात, आणि अंगठा दोन बोटांवर फिरतोय. मी पेज चाखली. अळणी होती. मी उठून मीठ घातलं आणि तू सगळी वाटी संपवलीस. काका तिथेच होते. मी त्यांना दाखवलं, ओरडून दाखवलं, बघा, तिने मीठ मागितलं. ते म्हणाले, "नसा उडतत तिच्या. भास होता तुका." आणि पुन्हा टोपाकडे वळले. त्यानंतर तू गेलीस तोवर मी ज्याला त्याला त्या मिठाचं सांगत राहिले. सगळे मान डोलवायचे, माझी समजूत काढायचे. तू गेल्यावरही मी सोडलं नाही. काकांच्या घरच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, मी तो विषय काढला आहे. खोली मी दिली नाही, टोपही दिला नाही, पण त्यांच्या तोंडून "हो, तिला कळत होतं" एवढं काही मला काढता आलं नाही. ते तसेच गेले.

तर त्या दुकानातून मी फोन घेऊन घरी आले. ओट्यावर स्टीलची थाळी उपडी पडली होती, सहज तिच्यावर ठेवला. आणि भाजी चिरायला बसले तर थाळी कडकडायला लागली. खडखड, खडखड, अख्ख्या खोलीत ऐकू जाईल अशी, आणि त्या आवाजासरशी तो काळा फोन थाळीवर इंचाइंचाने सरकतोय. भास म्हणे! काचेवर काहीच दिसत नव्हतं, पण हिरवं बटण कुठे असतं ते माझ्या बोटाला ठाऊक आहे. अंदाजाने बोट ओढलं, कानाला लावला. पलीकडून हिंदू कॉलनीतल्या एक बाई म्हणाल्या, काकू, किती फोन केले कालपासून, यंदा करंज्या करताय ना? मी म्हटलं, करतेय, करतेय, का नाही करणार.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत फोन घातला आणि थाळीही घातली. हसू नकोस. त्याच काउंटरवर थाळी उपडी मांडली, वर फोन ठेवला आणि त्या माणसाला म्हटलं, लावा यावर फोन, तुमच्या फोनवरून. त्याने इकडेतिकडे बघितलं, रांगेतली माणसं बघत होती, म्हणून लावला. थाळी वाजली. बाजूच्या कव्हरवाल्यानेही मान वळवली. मी म्हटलं, डेड म्हणण्याआधी हातात धरून तरी बघायचं होतं. तो स्क्रू काढायला लागला. काच उचलली तर आत वरच्या कडेला सगळं लाल. त्याने कापसाने पुसलं, बोट वर धरून मला विचारलं, "ये लाल काय आहे, आंटी?" मी म्हटलं, कुंकू. मग त्याने ब्रशने साफ केलं, वाळवलं, कसलीशी बारीक पट्टी काढून पुन्हा बसवली, आणि काच उजळली. काचेलाच उजेड पोचत नव्हता म्हणे, बाकी आत सगळं चालू होतं. परवापासूनचं सगळं त्यात होतं. कोण कोण बोलावत होतं, किती वेळा, काय काय म्हणालं होतं. एकही निरोप हरवला नव्हता.

मी थाळी पिशवीत घालून जिंकल्यासारखी निघाले. मुलाला फोन करून सांगितलं, मी बसणार नाही, फराळाला बेसन आणायला चाललेय. तो हसला, बरं म्हणाला. परळच्या चौकात सिग्नलला थांबले होते, तेव्हा वाटलं, काका असते तर ही थाळी त्यांच्यापुढे आपटली असती. म्हटलं असतं, बघा, चेहरा काळा झाला म्हणून आतलं बंद होत नसतं, सगळं पोचत असतं आत. सिग्नल सुटला तरी मी उभीच.

हे सगळं त्याच फोनवर टाइप केलंय, ओट्याशी बसून, करंज्यांचं सारण निवतंय तोवर. ते कुठे पाठवायचं नाही, पाठवायला तुझा नंबर कधी नव्हताच. पुढच्या खंडेनवमीला कुंकू पाठीमागच्या कव्हरवर लावेन, एवढं ठरवलंय. दुसरं कुणाला सांगण्यासारखं नाही. इतकी वर्षं मी जगाशी भांडले की तुला सगळं कळत होतं, सगळं ऐकू येत होतं. म्हणजे खोलीचं ऐकू येत होतं. टोपाचं ऐकू येत होतं. काय राहिलंय हिच्यात, तेही. मी खरी ठरले, आई. आणि आता मनापासून वाटतं, मी खोटी ठरले असते तर बरं झालं असतं.