लाकडी प्रथिनाचा ढिला सांधा

ती. ताईस,

गुडघे कुरकुरत असल्यामुळे धाकट्या भावाचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? भावजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तरी गेला म्हणून कळव, इथे काळजीला आता जागा उरलेली नाही.) आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तुझी लेक सोडून, आणि तिच्यामुळे मी सोडून.

तुझी लेक तीन वर्षं आमच्याकडे राहून नेमकं कशावर संशोधन करते, ते मला परवापरवा कळलं असं वाटलं होतं. मेंदूतल्या पेशीला म्हणे कान असतात. त्यांना ग्राही म्हणायचं. शेजारच्या पेशीचा निरोप हे कान ऐकतात, पण ते दाराला ठोकलेल्या कडीसारखे एका जागी नसतात. कधी पेशीच्या पृष्ठभागावर येतात, कधी आत जाऊन बसतात. (आत बसून काय ऐकतात, हे विचारलं तर ती दुसरीकडे बघते.) त्यांची ने-आण सांभाळायला आत एक आधारप्रथिन असतं. त्याचा हात उघडला की ते ग्राहीला धरून वर आणतं, हात मिटला की सोडून देतं. की मिटला की धरतं? थांब, तिचा कागद बघतो. हो, उघडला की धरतं. हे समजावून घेताना माझा चहा दोनदा गार झाला.

तर शुक्रवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा. परीक्षकांना दाखवायला तिला हे प्रथिन लाकडात हवं होतं, हातभर लांब आणि मधोमध हलता सांधा. मामा सुतार असताना बाहेर कशाला जायचं? मी सागवानात केलं. ग्राही म्हणून ड्रॉवरच्या आठ मुठी लाल रंगवल्या. रंगीत तालमीच्या दिवशी सकाळी ते मिटून पिशवीत भरताना मी सवयीने हलवून पाहिलं, तर सांधा लडबडला! ताई, तीस वर्षांत माझ्या दुकानातून हलणारी खुर्ची बाहेर पडलेली नाही. हाताने आपोआप सरस लावला, पाचर ठोकली आणि वरून पॉलिशही मारलं.

तालमीला तिच्या मार्गदर्शक बाई पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. लेक म्हणाली, आता हात उघडेल. ओढला, उघडेना. दोन्ही हातांनी ओढला, तर अख्खं प्रथिन टेबलक्लॉथसकट वर आलं आणि आठही ग्राही खोलीभर घरंगळले. ही ती ने-आण असणार, असं समजून मी जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

तेव्हापासून चार दिवस ती धड जेवत नाही. माप आपणच चुकीचं दिलं, असं तिला वाटतंय. काल आमच्या हिला म्हणाली, साधं माप चुकतं तर तीन वर्षांचं कामही चुकलं असेल, परीक्षेलाच बसत नाही. मी समोर भात कालवत होतो. सरस मी लावला, हे तीन शब्द तोंडातून फुटेनात. फार लाज वाटते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. : फोन करून तिला सरसाचं तूच सांग. दुपारी चारला कर, तेव्हा मी लाकूड आणायला गेलेला असेन.

ता. क. दुसरा : फोन करू नकोस. तुझ्या नव्या घराचा नंबर आठवेना, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला तिलाच सांगितलं आणि पाकिटाबरोबर पत्रही तिच्याच हातात दिलं. (हो, मीच.) वाचून ती दुकानात आली. बराच वेळ तो ताठ हात ओढून बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, गेल्या वर्षी मी पेशीत अगदी असंच करून पाहिलं होतं. हात उघडूच नये असं. ग्राही वर आलेच नाहीत. हा असाच राहू दे, परीक्षेत शेजारी शेजारी ठेवते. दुसरा उघडणारा करून दे." म्हणजे ती बसतेय परीक्षेला! डोळ्यांत भुसा गेला असं मी तिला सांगितलं. दुकानात तेव्हा भुसा नव्हता.

ता. क. तिसरा : शुक्रवारी सकाळी मात्र न विसरता फोन कर, मला. दुसरा हात तयार झालाय. आत्ताच हलवून पाहिला. फार ढिला वाटतोय गं.